छोट्या लाइनची आठवण दागिन्यात घडवायची आहे. कोणी असं काही करून घेतलंय का?

नागभीडची लेक

नमस्कार मंडळी,

माझे बाबा छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेज रेल्वेवर, गार्ड होते. नागपूरच्या इतवारीहून सुटायचं, कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला पोचायचं आणि परत यायचं. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी ती गाडी थांबली, तेव्हा बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आईचं माहेर भिवापूर. लग्न होऊन ती पहिल्यांदा नागपूरला आली ती याच गाडीनं, मिरचीच्या पोत्यांशेजारी बसून. येत्या वैशाखात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. आईसाठी एक दागिना करायचा आहे आणि त्यात ती गाडी हवी आहे.

महिनाभर याच विषयाचं वाचतेय. प्रवासाचं नवं साधन आलं की लोकांनी ते अंगावर घातलंच आहे, हे मला माहीत नव्हतं. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंचा फुगा आकाशात गेला, तर पॅरिसमध्ये कानातल्यांवर, बटणांवर, पंख्यांवर फुगेच फुगे आले. १८६९ च्या १० मे रोजी अमेरिकेत पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली, तेव्हा शेवटच्या स्लीपरसाठी, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडासाठी, सोन्याचा खिळा केला होता. तो ठोकलेला नाही. आधीच पाडून ठेवलेल्या भोकात बसवला आणि लगेच काढून घेतला. त्या जागी नेहमीचा लोखंडी खिळा बसला. सोन्याचा खिळा ओतताना जे जास्तीचं सोनं उरलं, त्याचे बोटाच्या पेराएवढे छोटे खिळे आणि अंगठ्या केल्या आणि मोठ्या लोकांना आठवण म्हणून दिल्या. ती अंगठी घालणाऱ्याच्या बोटात खरोखर त्याच दिवसाचं सोनं होतं. मला हवं आहे ते असं काहीतरी.

इतवारीत दोन दुकानांत विचारलं. दोघांनीही इंजिनाचं तयार पेंडंट दाखवलं, धुराचा लोट, चार चाकं. लहान मुलांच्या बारशाला देतात तसं. आई ते कपाटात ठेवून देईल.

कोणी असा दागिना केलाय का? निदान कोणत्या घाटाचा करावा, एवढं तरी सांगा.

मोतीबाग

ताई, तुमचं वाचून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. माझे काका बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात लागले होते. त्यांच्या कोटाची पितळी बटणं, इंग्रजीत बी.एन.आर. अक्षरं असलेली, चुलत भावानं कफलिंक करून घेतली. मागची कडी कापली, दांडी डाखानं जोडली, बाकी हात लावला नाही. लग्नाकार्यात घालतो तेव्हा जुनी माणसं मनगट धरून पाहतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या गावात हे कुणी सांगत नाही. मुंबईकडून जी.आय.पी.ची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, लाइन १८६७ मध्ये नागपूरला आली. पूर्वेकडे नागपूर-राजनांदगाव ही आधी मीटरगेज होती. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. म्हणजे ज्या कंपनीच्या नावात नागपूर आहे तिची बटणं आपल्या घराघरांत पडून आहेत आणि लोक भंगारात देऊन राहिले. विकू नका बाप्पा.

मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये बाबांना घेऊन जा. इंजिनापेक्षा तिथले दिवे बघा. मला वाटतं, दागिन्याचा घाट तिथेच सापडेल.

उंबरठा

विचार चांगला आहे, पण मला एक गोष्ट पटत नाही. आपल्या दागिन्यांत फुलं आहेत, बोरमाळ आहे, मासोळी आहे, लक्ष्मी आहे. देवाचं आणि निसर्गाचं. लोखंडाचं यंत्र सौभाग्यवतीच्या अंगावर शोभत नाही. गाडीची आठवण फोटोत ठेवा, दागिना ठुशीच करा.

जुनी नाणी

उंबरठा, आदरानं असहमत. पुतळ्यांची माळ आपण पारंपरिक म्हणून घालतो ना? व्हेनिसचं दुकाट नावाचं सोन्याचं नाणं समुद्रमार्गे व्यापारातून आपल्याकडे आलं. त्यावर माणसांच्या आकृत्या होत्या म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटलं. जहाजातून उतरलेलं परक्या देशाचं चलन आपल्या बायकांनी गळ्यात घातलं, मग सोनारांनी त्याचेच ठसे केले आणि दोन-तीन पिढ्यांत ते आपलं झालं. दळणवळणानं आणलेली वस्तू दागिना होणं ही आपली जुनीच रीत आहे.

आणखी एक. राजस्थानात शेखावाटीच्या हवेल्या पाहिल्यात का? भिंतींवर कृष्ण आहे आणि त्याच भिंतीवर आगगाडी, मोटार, विमानही आहे. ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्यांना ते देवाइतकंच अद्भुत वाटलं असणार.

नागभीडची लेक, एक सूचना. २००३ साली भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांनिमित्त निघालेलं दोन रुपयांचं नाणं पुष्कळ जण लॉकेटसाठी सुचवतात. करायचंच असेल तर नाण्याला भोक पाडू नका, डाख लावू नका. नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं कायद्यानं गुन्हा आहे. भोवती चांदीची चौकट करून चार नख्यांत बसवा. नाणं उद्या काढता आलं पाहिजे.

नागभीडची लेक

जुनी नाणी, पुतळीचं वाचून मी आईची माळ काढून पाहिली. आजीची आहे ती. इतकी वर्षं मला ती राम-सीता वाटत होती.

उंबरठा, राग नाही. पण आईच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं येणं-जाणं त्या गाडीनं झालं. बाळंतपणाला गेली त्या गाडीनं, माझे आजोबा गेले तेव्हा रडत गेली तीही त्याच गाडीनं. बकुळीचं झाड आमच्या दारात कधीच नव्हतं.

एक विचारायचं होतं. बाबांना निवृत्तीच्या वेळी रेल्वेकडून सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं पदक मिळालं होतं. ते आटवून त्यातूनच दागिना करावा, असं मनात येतंय. अमेरिकेतल्या त्या अंगठीसारखं होईल. करू का?

ठोकळी

पदक आटवू नका, ताई. मी सोनारकाम करतो, वडिलांकडून शिकलो, चाळीस वर्षं होत आली. अशी पदकं लोक माझ्याकडे घेऊन येतात आणि मी परत पाठवतो. मुशीत गेलं की त्यावरचं अक्षर गेलं. चांदी बाजारात मिळते. ते अक्षर परत मिळत नाही. अमेरिकेच्या त्या गोष्टीत जास्तीचं सोनं उरलं होतं म्हणून त्यांनी वापरलं, मूळ खिळा त्यांनीही राखला ना?

घाटाबद्दल आज नाही सांगत. विचार करून लिहितो.

सोनेगाव

रेल्वेचं चाललंय त्यात विमानाचं सांगू का? १९४९ मध्ये नागपूरहून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध आहोत, याचा इतका सुंदर उपयोग दुसरा झाला नाही.

माझे आजोबा तिथे थैल्या लावायला होते. रात्रपाळी. आजीकडे विमानाच्या आकाराचा एक ब्रोच होता, चांदीचा, पंख दोन बोटं रुंद, पंखांच्या टोकांना मीना. आजोबांनी पहिल्या वर्षाच्या पगारातून आणलेला. ती तो नऊवारीच्या खांद्याला लावायची, आणि नाक कायम वरच्या बाजूला. तिरका लागला तर परत काढून लावायची. म्हणायची, खाली तोंड केलेलं विमान बघवत नाही. आता तो माझ्याकडे आहे. एका पंखाचा मीना उडालाय. मुद्दाम भरून घेतला नाही.

आईला दागिना आवडेल की नाही, याची काळजी करू नका. ती कोणाचा आहे ते बघेल.

खापरी ते बर्डी

मी मेट्रोच्या कामावर होतो. २०१९ च्या मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी पहिली गाडी धावली, तेव्हा आम्हा काही जणांना पितळी पिन मिळाली, डब्याच्या आकाराची. सगळ्यांना सारखी. मी ती लावत नाही, कारण तिच्यात आमचं काम दिसत नाही. ताई, म्हणून इंजिनाचा आकार नको, हे तुमचं म्हणणं मला एकदम पटलं.

मी इंजिनियर आहे, मला आकडे दिसतात. एक कल्पना सांगतो, वेडी वाटली तर सोडून द्या. छोट्या लाइनचं गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेज १६७६. आपली मेट्रो स्टँडर्ड गेजवर आहे, १४३५. यांना शंभरानं भागा. ७.६२, १६.७६, १४.३५ मिलिमीटर. हे हातातल्या कड्याचे आकार आहेत! कड्याच्या पट्टीवर दोन उठावाच्या तारा, मध्ये बरोबर ७.६२ मिलिमीटर अंतर. बघणाऱ्याला नक्षी दिसेल. ज्याला ठाऊक आहे त्याला रूळ दिसेल. आणि ते चित्र नसेल, ते मापच असेल.

पुढे नातीला मेट्रोचं १४.३५ करा.

नागभीडची लेक

अंगावर काटा आला. बस. हेच.

बाबांना वाचून दाखवलं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि टेप घेऊन आले. टेबलावर ७ आणि ८ च्या मध्ये बोट ठेवून बसले होते कितीतरी वेळ.

ठोकळी

आता मी बोलतो. कल्पना फार चांगली आहे, आणि करायला वाटते तेवढी सोपी नाही. कोणाकडूनही करून घ्या, पण एवढं समजून घ्या.

धातू चांदी ९२.५ घ्या. शुद्ध चांदी नरम, रोजच्या वापरात रूळ दबतील. पट्टी १२ मिलिमीटर रुंद आणि जाडीला दीड तरी हवी. तार ओढायच्या जंत्रीतून काढलेली, पण गोल तार नको. वरून थोडी चपटी केलेली घ्या, म्हणजे साडीच्या पदरात अडकणार नाही आणि रुळासारखीही दिसेल.

गेज डोळ्यांनी साधणार नाही. पोलादाची एक पट्टी व्हर्निअरनं मापून बरोबर ७.६२ ची घासून घ्यायची, दोन तारांच्या मध्ये ठेवायची, लोखंडी बारीक तारेनं सगळं आवळायचं, मग टाकणखार लावून डाख द्यायचा. पोलादाला आधी काजळी धरा, म्हणजे डाख चिकटणार नाही. गेज आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात, तारेच्या मध्यापासून नाही. ही चूक कारागीर हमखास करेल. सांगा त्याला.

डाख पट्टी सपाट असतानाच द्यायचा, कडं नंतर वाकवायचं. वाकवण्याआधी तापवून नरम करणं फार महत्त्वाचं. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि तारा बाहेरच आहेत. घाई केली तर रूळ उखडेल.

स्लीपर वेगळे जोडू नका. आईचं मनगट आहे, कपड्यात धागे ओढले जातील. पट्टीवरच टाकीनं आडव्या रेघा मारा. पेचाचं कडं करा. या वयात हाताची बोटं दाबून बांगडी चढवणं त्रासाचं. माप घ्या, दोन-सहा असेल नाहीतर दोन-आठ.

मोतीबाग

ठोकळीभाऊ, हे जपून ठेवण्यासारखं लिहिलं तुम्ही.

एक भर. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांची चांदीची आगगाडी आहे, जेवणाच्या लांब टेबलावर रुळांवरून फिरते आणि पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार नेते. डब्यांवर इंग्रजीत एकेक अक्षर, मिळून सिंदिया. मराठी माणसानं चांदीत रेल्वे केली ती अशी राजेशाही थाटाची. ताईंचं कडं मला त्याहून जवळचं वाटतं.

नागभीडची लेक

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सांगायला वाईट होतं.

एका मोठ्या दुकानात काम दिलं. ठोकळी दादांचं सगळं छापून दिलं होतं. मालकांनी हसून ठेवून घेतलं, कारागिरापर्यंत ते पोचलं की नाही माहीत नाही. कडं हातात आलं तेव्हा दिसायला झकास, चकचकीत. घरी व्हर्निअर लावला. ६.८. तारेच्या मध्यापासून मोजलं होतं त्यांनी. आणि दोन दिवसांत एक तार तीन ठिकाणी सुटली. वाकवण्याआधी तापवलंच नव्हतं बहुतेक. परत नेलं तर म्हणाले, इतकं कोण मोजतं.

बाबा मोजतात. त्यांनी एकतीस वर्षं तेच तर केलं.

घडणावळ कापून चांदी परत मिळाली. मी रस्त्यावर उभी राहून रडले. वैशाखाला दीड महिना उरलाय.

ठोकळी

ताई, चांदी घेऊन माझ्याकडे या. व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. महाल भागात आहे, गल्लीत शेवटचं घर. बाबांनाही आणा. मजुरी नंतर बोलू.

सोनेगाव

ठोकळी, तुमच्या हाताला यश येवो.

नागभीडची लेक

मंडळी, कडं झालं. सविस्तर लिहिते, कारण हा धागा तुम्ही सगळ्यांनी मिळून घडवलात.

ठोकळी दादांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. ऐरण, शेगडी, भिंतीला टांगलेल्या पन्नासेक टाक्या. बाबांना त्यांनी खुर्ची दिली, पण बाबा खाली बसले, समोर. पोलादाची ती पट्टी दादांनी कानशीनं घासायला घेतली. घासायचं, व्हर्निअर लावायचा, परत घासायचं. ७.७०. ७.६६. शेवटी बाबांच्या हातात व्हर्निअर दिला आणि म्हणाले, काका, तुम्ही सांगा. बाबांनी चष्मा वर केला, नीट पाहिलं आणि मान हलवली. त्या क्षणी मला बाबा पुन्हा गणवेशात दिसले.

डाख देताना चांदी आधी पांढरी, मग गुलाबी झाली आणि एकदम तारेच्या कडेनं पाण्याची रेघ धावावी तशी चमक पळाली. दादा म्हणाले, धरला. आम्ही तिघांनीही श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी कड्याच्या आत कोरायची अक्षरं कागदावर ठरवत होतो. इतवारी, कुही, उमरेड, भिवापूर, नागभीड. बाबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "मागचा दिवा कुठाय?"

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. गाडी स्टेशनात शिरते तेव्हा स्टेशनमास्तर इंजिनाकडे बघत नाही, शेवटच्या डब्याकडे बघतो. मागचा लाल दिवा दिसला तरच गाडी पूर्ण आली. नाहीतर एखादा डबा मागे रुळावर सुटलेला असू शकतो आणि मागून दुसरी गाडी येत असते. तो दिवा लावणं आणि तो जळतोय ना बघणं, हे गार्डचं काम. "दिव्याशिवाय मी गाडी सोडली नाही कधी," म्हणाले.

मी त्यांना फाबर्जे या रशियन जवाहिऱ्यानं घडवलेल्या अंड्याचं सांगितलं. रशियाच्या झारनं १९०० साली राणीला दिलेलं, वर सैबेरियाच्या रेल्वेचा नकाशा कोरलेला आणि आत किल्लीवर चालणारी सोन्या-प्लॅटिनमची आगगाडी. इंजिनाचा पुढचा दिवा हिऱ्याचा, इशाऱ्याचे दिवे माणकांचे. शेवटचा डबा प्रार्थनेचा. मॉस्कोत क्रेमलिनच्या संग्रहालयात आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या कारागिरानं गाडी पाहिली होती."

मग दादांनी पेचाच्या शेजारी, जिथे दोन्ही रूळ संपतात तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढं एक माणिक बसवलं. कोंदण आधी जोडून घेतलं, खडा सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर आच लावायची नव्हती. मोतीबाग, तुम्ही म्हणाला होतात दिवे बघा. आम्ही म्युझियममध्ये गेलोच नाही, दिवा घरातच होता.

दादांनी मजुरी घेतली नाही. भिवापूरची मिरची द्या म्हणाले. मामाकडून पाच किलो मागवली आहे.

खापरी ते बर्डी

मोजलं का शेवटी?

नागभीडची लेक

७.६२. बाबांनी तीन ठिकाणी मोजलं.

उंबरठा

ताई, माझी प्रतिक्रिया मागे घेते. आईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या सासऱ्यांच्या नावेची एक पितळी कडी घरात आहे, वैनगंगेवर ते नाव चालवायचे. ठोकळी दादा, तुमच्याकडे यावं म्हणते.

ठोकळी

या ताई. कडी घासू नका, जशी आहे तशी आणा.

सोनेगाव

आणि आई काय म्हणाल्या? ते तर सांगितलंच नाही!

नागभीडची लेक

काल संध्याकाळी दिलं. आईनं कडं हातात घेतलं, बाहेरची बाजू नीट पाहिली, रुळांवरून बोट फिरवलं. काही बोलली नाही. मग उलटं करून आतलं वाचायला लागली. इतवारी वाचलं, कुही वाचलं, उमरेड वाचलं. पुढचं बारीक होतं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. मग मला म्हणाली, "माझा चष्मा आण बाई, भिवापूर आलं वाटतं."